गेमिंगच्या ग्रुपवर बातम्या आणि राजकारणावरून सारखी भांडणं होतात, 'नो पॉलिटिक्स' नियम लावावा का?

तुम्ही लिहिलंय की साठ-सत्तर जणांचा डिस्कॉर्ड सर्व्हर (डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा ग्रुप) आहे, तीन वर्षं मजेत चाललं होतं, मग एका युद्धाच्या व्हिडिओवरून वाद पेटला, दोन जुने मेंबर सर्व्हर सोडून गेले आणि आता बाकीचे म्हणतायत की राजकारणाचा विषयच बंद करा. माझं स्पष्ट मत आहे, बंद करू नका. मी स्वतः हा नियम लावला होता, आठ महिने चालवला आणि मग माझ्याच हाताने काढला, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय. विषयावर बंदी घालून काही मिळत नाही. बंदी घालायचीच असेल तर घाईवर घाला, ते कसं करायचं ते पुढे सांगते, आधी माझं काय झालं ते ऐका.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या रात्री आमच्या जनरल चॅनलवर एका तासात चारशेच्या वर मेसेज पडले, शिवीगाळ सुरू झाली, कोणी कोणाला देशद्रोही म्हणतंय, कोणी युद्धाचे मीम टाकतंय, आणि मी रात्री दीडला वैतागून नियम टाकला की आजपासून इथे फक्त गेमबद्दल बोलायचं. सगळ्यांनी थम्स-अप दिले. मला वाटलं सुटलो.

दुसऱ्याच दिवशी पहिली अडचण आली. 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा गेम तुम्ही कदाचित खेळला असाल, वॉर्सॉच्या 11 बिट स्टुडिओजने 2014 मध्ये काढलेला, बोस्नियाच्या युद्धातल्या साराएव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला, त्यात तुम्ही सैनिक नसता, वेढा पडलेल्या शहरात अडकलेली साधी माणसं असता आणि रात्री औषधं, लाकडं, खाणं शोधायला बाहेर पडता. त्या स्टुडिओने जाहीर केलं की आठवडाभर या गेमच्या विक्रीतून येणारा नफा युक्रेनच्या रेड क्रॉसला देणार. आमच्या एका मेंबरने ती बातमी टाकली आणि मी नियमावर बोट ठेवून डिलीट केली. तो मला डीएममध्ये म्हणाला, "ताई, ही गेमचीच बातमी आहे ना? आणि बाजूच्या चॅनलवर सकाळपासून कुठला रणगाडा कुठल्या रणगाड्याला फोडतो यावर चर्चा चाललीय, ते चालतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच चालत होतं ते. रणगाड्याच्या चिलखताची जाडी म्हणजे गेम आणि त्या रणगाड्याखाली सापडलेल्या माणसांसाठी पैसे म्हणजे राजकारण, ही रेघ मी ओढली होती आणि ती ओढताना एक मिनिटही विचार केला नव्हता.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आमच्यात एक मुलगा होता, टीममध्ये कायम सपोर्टला खेळायचा, सगळ्यांना हील करत, म्हणजे गेममधल्या जखमा बऱ्या करत, मागे मागे राहणारा. तो त्या आठवड्यात ऑनलाइन दिसायचा, व्हॉइस चॅनलला येऊन माइक म्यूट करून बसायचा, खेळायला बोलावलं की "आज नको" एवढंच टाइप करायचा. असं चार-पाच दिवस. आम्ही आपले मॅच खेळतोय, हसतोय. नंतर कळलं की त्याची मामेबहीण युक्रेनमधल्या खारकीवला मेडिकलला होती आणि मेट्रोच्या स्टेशनमध्ये खाली अडकली होती, फोन लागत नव्हता, घरी थांबवेना म्हणून तो आमचे आवाज ऐकत बसायचा. मी विचारलं, अरे बोलला का नाहीस, तर म्हणाला "नियम होता ना." ती सुखरूप परत आली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. नो पॉलिटिक्स नियम सगळ्यांना सारखा वाटतो, तसा तो नसतो, ज्याच्या घरापर्यंत बातमी पोचलेली नाही त्याला तो आरामाचा असतो आणि ज्याच्या घरात ती शिरलीय त्याचं तोंड बंद होतं.

आणि मुळात कुठून कुठपर्यंत वेगळं करणार हो? ऑक्टोबर 2019 मध्ये हर्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या गेमच्या स्पर्धेनंतर ब्लिट्झचुंग या हाँगकाँगच्या खेळाडूने मुलाखतीत तिथल्या आंदोलनाच्या बाजूने घोषणा दिली, गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्याला वर्षभरासाठी बाहेर काढलं आणि बक्षिसाची रक्कम रोखली, मग जगभरातून इतका आरडाओरडा झाला की शिक्षा सहा महिन्यांवर आणली आणि रक्कम परत दिली. ही ई-स्पोर्ट्सची बातमी की हाँगकाँगची? चीनने 2021 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढंच ऑनलाइन गेम खेळायची परवानगी ठेवली. ही गेमची बातमी की सरकारची? तुमच्या सर्व्हरवर शाळकरी मुलं असतील तर ते यावर बोलणारच, बोललंच पाहिजे.

आमच्याकडे एक जण होता, "गेममध्ये राजकारण आणू नका" हे त्याचं ठरलेलं वाक्य, कुठल्याही विषयावर. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले, 2014 चा गेम, एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरला जोडावं लागायचं, त्यामुळे विकत घेतलेला गेम एका रात्रीत उघडेनासा झाला. त्याने तो विकत घेतला होता. त्यानंतर रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली, कंपनीने हात काढून घेतला तरी विकलेला गेम चालू राहील अशी सोय करणं बंधनकारक करा अशी मागणी, आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांची जी सह्यांची अधिकृत प्रक्रिया आहे त्यात 10 लाख सह्या लागतात, तो आकडा जुलै 2025 मध्ये पार झाला. आमचा हा मेंबर रोज रात्री सह्यांचा आकडा चॅनलवर टाकायचा, किती देशांत किमान मर्यादा ओलांडावी लागते, युरोपियन कमिशनला पुढे काय करावं लागतं, सगळं पाठ. स्वतः सही करू शकत नव्हता कारण तो तिथला नागरिक नाही. मी त्याला म्हटलं की हे जे तू करतोयस ना, याच्याइतकं शुद्ध राजकारण आजवर आपल्या सर्व्हरवर कोणी केलेलं नाही. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बरोबर आहे. तेव्हापासून ते ठरलेलं वाक्य मी त्याच्याकडून ऐकलेलं नाही.

आता घाईचं. भांडणं मतांमुळे होतात असं मलाही वाटायचं. मग नियम काढण्याआधी मी एके रविवारी बसून आमची मागची मोठी भांडणं वरून खालपर्यंत स्क्रोल करून वाचली, तर जवळजवळ प्रत्येकात सुरुवात एकच होती, कोणीतरी न बघता काहीतरी फॉरवर्ड केलं आणि दुसऱ्याने न थांबता उत्तर दिलं. तुमचंही भांडण व्हिडिओवरूनच झालं ना?

आमच्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये असाच एक व्हिडिओ आला. रात्रीचं आकाश, विमानविरोधी तोफ, वर जाणाऱ्या गोळ्यांच्या लाल रेघा, एक हेलिकॉप्टर फुटतं. खाली लिहिलेलं, आत्ता घडलंय. पाच मिनिटांत दोन गट पडले. एक शांत मुलगी आहे आमच्यात, आर्मा 3 हा युद्धाचा गेम कितीतरी तास खेळलेली, तिने फक्त लिहिलं, "फोन बाजूला ठेवा, मोठ्या स्क्रीनवर लावा, धुराकडे बघा." आम्ही लावला. प्रत्येक स्फोटाचा धूर सारखाच उमलत होता, तोच आकार, तीच चाल. दीड मिनिटाच्या व्हिडिओत चालणारा, पळणारा एकही माणूस नाही. आवाज काढून टाकलेला. कॅमेरा मुद्दाम हलवलेला आणि क्वालिटी इतकी खराब की कडा दिसू नयेत. तो गेम होता. आर्मा बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने नोव्हेंबर 2022 मध्येच निवेदन काढून सांगितलं होतं की आमच्या गेमचे व्हिडिओ खऱ्या युद्धाचे म्हणून फिरवले जातायत, आणि ओळखायच्या खुणाही दिल्या होत्या, अंधार, हलता कॅमेरा, कमी रिझोल्यूशन, आवाज नसणं, हालचाल करणारी माणसं नसणं, याच सगळ्या. टीव्हीच्या न्यूज चॅनलांनीही असे व्हिडिओ खरे म्हणून दाखवलेत. मला त्या दिवशी खूप अभिमान वाटला आमच्या सर्व्हरचा, कारण हे ओळखायला गेम खेळणारी माणसंच लागतात, आणि मी जर तो विषय बंद ठेवला असता तर तोच व्हिडिओ प्रत्येकाने आपापल्या घरच्या ग्रुपवर खरा म्हणून पाठवला असता.

तर आता आम्ही काय करतो. बातम्यांचं वेगळं चॅनल आहे, ज्याला बघायचंय त्याने रोल (सर्व्हरवर मेंबरला मिळणारा परवानगीचा टॅग) घेऊन आत यायचं, नाहीतर ते दिसतच नाही, दमून येऊन नुसतं खेळायचंय अशा माणसाचाही हक्क आहे आणि तो मला पटतो. त्या चॅनलला स्लो मोड आहे, एकदा मेसेज टाकला की पुढची 10 मिनिटं टाकता येत नाही. सुरुवातीला सगळे चिडले. पण 10 मिनिटं मिळाली की माणूस एक ओळीची शिवी टाकत नाही, संधी वाया जाईल म्हणून नीट परिच्छेद लिहितो, हे मी स्वतः पाहिलंय. व्हिडिओ किंवा फोटो टाकायचा तर मूळ कुठून आला ते सोबत लिहायचं, माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहायचं, तेवढंही चालतं, न लिहिता टाकलेला काढला जातो. शंका असेल तर त्यावर आधी धुराचा प्रश्न, मग मताचा.

काही गोष्टींवर मात्र चर्चाच नाही, सरळ बॅन. कोणाच्या धर्मावरून, जातीवरून, देशावरून शिवी. धमकी. कोणाचा पत्ता, फोन नंबर टाकणं. आणि वाद जिंकायला गोपनीय कागद आणणं, हसू नका, हे खरंच होतं. 2021 मध्ये वॉर थंडर या युद्धाच्या गेमच्या फोरमवर ब्रिटनचा चॅलेंजर 2 रणगाडा गेममध्ये चुकीचा दाखवलाय हे पटवायला एकाने त्याच्या मॅन्युअलची गोपनीय पानं टाकली होती, पुढे फ्रेंच लक्लेर रणगाड्याचंही तसंच झालं. आणि अमेरिकेच्या हवाई दलाच्या नॅशनल गार्डमधला जॅक टेशेरा, 21 वर्षांचा पोरगा, गेम खेळणाऱ्या मित्रांच्या छोट्या डिस्कॉर्ड ग्रुपवर गुप्त कागद टाकत बसला, एप्रिल 2023 मध्ये अटक झाली, नोव्हेंबर 2024 मध्ये 15 वर्षांची शिक्षा. "आपलाच ग्रुप आहे" असं काही नसतं, हे तुमच्या मेंबरांना एकदा नीट सांगा.

अजून एक करून बघा, आमच्यासाठी हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. दोन बाजूंची माणसं टाइप करून भांडत असतील तर त्यांना व्हॉइसला घ्या आणि स्क्रीन शेअर करून 'पेपर्स, प्लीज' खेळा, लुकास पोपचा 2013 चा गेम. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे इन्स्पेक्टर, पासपोर्ट तपासायचा, शिक्का मारायचा, जितकी माणसं बरोबर तपासाल तितका पगार, आणि त्यातून संध्याकाळी घरच्यांचं खाणं, हीटर, औषध. आमच्याकडे सीमा कडक हवी म्हणणारा एक आणि माणुसकी आधी म्हणणारा एक, दोघांना बसवलं, माउस कडकवाल्याच्या हातात. एक नवरा आला, कागद बरोबर, आत गेला, जाताना सांगून गेला की मागे माझी बायको आहे. बायको आली, तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. परत पाठवलं तर मारतील म्हणाली. माउस लाल शिक्क्यावर थांबला आणि कितीतरी वेळ हललाच नाही. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना दंड नसतो, आमची दोन्ही संपली होती, तिसरीला पगारातून 5 क्रेडिट जाणार होते आणि घरी मुलगा आजारी. माणुसकीवालाच हळू आवाजात म्हणाला, "औषधाला कमी पडतील रे." कडकवाल्याने हिरवा शिक्का मारला. त्यानंतर दोघं रात्री अडीचपर्यंत बोलत बसले, मत कोणाचंच बदललं नाही, पण त्या आधीच्या आठवड्यात हेच दोघं एकमेकांना ब्लॉक करून बसले होते.

हे सगळं एका छोट्या सर्व्हरसाठी जास्त वाटत असेल तर सप्टेंबर 2025 मधलं नेपाळ आठवा. आंदोलनात सरकार पडल्यावर हंगामी पंतप्रधान कोण असावं यावर तिथल्या तरुणांनी डिस्कॉर्डवर हजारोंच्या संख्येने चर्चा केली, मतं दिली, सुशीला कार्कींचं नाव पुढे आलं आणि 12 सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. 2015 मध्ये गेमर्सना खेळताना बोलता यावं म्हणून निघालेलं ॲप ते.

जे दोघं सोडून गेले त्यांना ग्रुपवर जाहीर बोलावू नका, आधी एकेकट्याला डीएम करा आणि बातमीचा विषय न काढता मॅचला बोलवा. बातम्यांचं चॅनल त्यांच्या येण्याआधी तयार ठेवा. स्लो मोड चॅनलच्या सेटिंगमध्येच सापडेल, 5 सेकंदांपासून 6 तासांपर्यंत ठेवता येतो, तुम्ही 10 मिनिटांपासून सुरू करा, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी आम्ही तो एक तासावर नेतो.