फळं बंद आणि डब्यातला रस चालू?

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. साडेपाचला शाळेतून येतो तोच भुकेने कावलेला. आजवर मी त्याच्या हातात केळं नाहीतर चिकू ठेवायचे. गेल्या महिन्यात सूनबाईंनी मोबाइलवर बघितलं की फळांतही साखरच असते आणि ती यकृताला वाईट. आमच्या घरात दोन्हीकडून मधुमेह, त्यामुळे ती घाबरली आणि फळं बंद झाली. आता पोराला 'साखर न घातलेला' डब्यातला रस, डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि खजुराचे लाडू मिळतात. मी बोलले की वाद होतो. फळातली साखर खरंच वाईट का?
– एक आजी, सातारा

उत्तर : काकू, आधी सूनबाईंच्या बाजूने बोलते. घरात मधुमेह असताना आईने मुलाच्या साखरेकडे लक्ष ठेवणं अगदी योग्य आहे, आणि फळात साखर असते हेही खरं. मध्यम केळ्यात बारा ते चौदा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे. पण ही साखर पोरापर्यंत कशी पोचते, ते बघायला हवं.

बावीस वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या टेबलावर काचेचा एक ग्लास आणि हाताने पिळायचं रसयंत्र कायम असतं. गेल्या हिवाळ्यात नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिच्यासमोर मी तीन संत्री पिळली. ग्लास जेमतेम भरला, बशीत सालं आणि चोथ्याचा ढीग. ग्लास तिने अर्ध्या मिनिटात संपवला आणि म्हणाली, "अजून आहे?" पुढच्या भेटीला तिला तीन संत्री सोलायला दिली. ती सोलत, शिरा काढत, बिया थुंकत बसली. दुसरं संत्रं संपायला आठ-दहा मिनिटं गेली आणि तिसरं तिने आईच्या पर्समध्ये टाकलं. पोट भरलं होतं. पहिल्या दिवशी मात्र तिन्ही संत्र्यांची साखर, साधारण चार चमचे, घोटाघोटात पोटात गेली होती.

संत्र्याची फोड उलगडून नातवाला दाखवा. आत रसाच्या बारीक बारीक पिशव्या दिसतील. डोळ्यांना न दिसणाऱ्या तशाच पिशव्या, म्हणजे पेशी, प्रत्येक फळात असतात आणि साखर त्यांच्या आत कोंडलेली असते. चावावं तेव्हा त्या फुटतात, तंतू आणि पाणी बरोबर असतं, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. सूनबाईंनी यकृताबद्दल जे ऐकलं ते फळशर्करेबद्दल असणार. ती यकृतात जाते हे बरोबर. पण एका केळ्यातली, तंतूंसकट सावकाश येणारी फळशर्करा यकृताला जड जात नाही. जड जाते ती रोज ग्लासाने ओतली जाणारी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली : दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. या मोजणीत वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रसही धरतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर धरत नाहीत. सूनबाईंना एवढं एक वाक्य दाखवलंत तरी पुरे.

आता तो डबा घ्या. माझ्यासमोरच्या एका डब्यावर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर लिहिली आहे. २०० मिलिलिटरची पेटी म्हणजे २४ ग्रॅम, सहा चमचे. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. त्याचे पाच टक्के म्हणजे ८५ कॅलरी, जेमतेम २१ ग्रॅम साखर. वरून साखर घातली नाही हे डब्यावरचं म्हणणं खरं असू शकतं, पण पोराच्या पोटाला त्याने काही फरक पडत नाही. हे रस बरेचदा आटवलेल्या रसात पाणी घालून केलेले असतात. म्हणूनच २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितलं.

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची दीर्घकाळची पाहणी आली होती. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी, तर फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत थोडं अधिक आढळलं. तुमच्या घरातली भीती मधुमेहाचीच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बिस्किटांचा पुडा उलटा करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर आणि पामतेल पहिल्या तिघांत असतील, तर 'डायजेस्टिव्ह' या शब्दाला भुलू नका. शेजारच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी दिलेली असते, तीही बघा.

खजुराच्या लाडवाला मी नाही म्हणणार नाही, पण एकच. खजुरात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या वर साखर असते. फळ वाळलं की पाणी जातं आणि साखर तेवढीच राहते. शेजारच्या तासगावात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे मूठभर बेदाणे खाणं किती द्राक्षं खाण्यासारखं आहे ते बघा. शिवाय हे चिकट पदार्थ दातांच्या फटीत बसतात, लाडू खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.

साडेपाचची भूक खरी असते, नुसत्या फळाने ती भागायची नाही. फळाबरोबर काहीतरी प्रथिनांचं द्या. केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. पेरूच्या फोडी, मीठ-तिखट आणि फुटाणे. चिकू आणि वाटीभर दही, साखर न घालता. मटकीची उसळ उरली असेल तर तीच द्या, मुगाचं धिरडं करा, सीझन असेल तर उकडलेलं कणीस. पेरूवर माझा विशेष जीव आहे : शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम तंतू, साखर नऊच्या आसपास, आणि चावायला वेळ लागतो. बाजारात सफरचंदापेक्षा स्वस्तही पडतो.

आणि काकू, हे सूनबाईंना तुम्ही सांगू नका. नातवासमोर संत्री पिळायचा खेळ तिलाच करायला सांगा.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आंबा पूर्ण बंद करायचा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : चिपळुणात राहून आंबा बंद करायला मी सांगणार नाही. आमरस मात्र बंद, साखर घातलेला असो वा नसो, आणि पोळीबरोबर तर नकोच. जेवणानंतर न देता सकाळी अकराच्या सुमाराला हापूसच्या दोन फोडी द्या, सोबत पाच-सहा बदाम. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजून वहीत लिहा. आठवडाभराचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, प्रमाण ते ठरवतील. इन्सुलिन चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, मगच फोड कापा.