“मी खंबीर आहे, म्हणून केस कमकुवत होईल का?”

“ताई, रिपोर्टमध्ये मला वेडी ठरवणार का? आणि नाही ठरवलं, तर केस नाकारतील का?” इमिग्रेशनच्या हार्डशिप केससाठी, म्हणजे घरच्यांचे हाल दाखवून सूट मागायच्या केससाठी, मानसिक मूल्यमापनाला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हे दोन्ही प्रश्न एकदमच असतात. मी न्यू जर्सीत असे अहवाल लिहिते. एका मराठी बाईची हकीकत तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

तिचा नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आला होता. नोकरी गेली, मुदत संपली, तरी वर्षाहून जास्त इथेच राहिला. मग वडिलांच्या शेवटच्या आजारपणात साताऱ्याला गेला आणि तिथेच अडकला. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त, पण वर्षाच्या आत बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं असेल तर १० वर्षं. ही बंदी देश सोडल्यावर लागू होते, हे त्याला मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीच्या वेळी कळलं.

त्यातून सुटायचा मार्ग म्हणजे आय-६०१ वेव्हर, ही बंदी माफ करण्याचा अर्ज. नवरा येऊ शकला नाही तर इथे असलेल्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला (किंवा नवऱ्याच्या तशाच आईवडिलांना) ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’, म्हणजे टोकाचे हाल, सोसावे लागतील, हे त्यात दाखवावं लागतं. म्हणजे मूल्यमापन नवऱ्याचं नव्हे, तिचं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीचे हाल या वेव्हरमध्ये स्वतंत्रपणे मोजले जात नाहीत. त्यांचा आईवर काय परिणाम होतो तेवढंच पाहतात. हे ऐकून ती चिडली. तिचं चिडणं मला रास्त वाटतं.

पहिल्या भेटीत ती नीटनेटकी फाईल घेऊन आली. नैराश्याची लक्षणं विचारणारी पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. तिने नऊच्या नऊ ठिकाणी शून्य भरलं. झोप? होते. भूक? ठीक आहे. घरचं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं असतं. त्यात कुणीतरी तिला सांगितलं होतं, “तिथे जाऊन भरपूर रड.” ती म्हणाली, “मला खोटं रडता येणार नाही.” मी म्हटलं, रडूच नका. पीएआयसारख्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांत उत्तरं फुगवली किंवा लपवली आहेत का, हे पाहणारी मोजमापं असतातच. शिवाय डॉक्टरांच्या नोंदींशी ताळमेळ बसला नाही तर खरं दुःखसुद्धा संशयात सापडतं.

प्रश्नावली बाजूला ठेवून मी फक्त कालचा दिवस विचारला, उठल्यापासून.

मुलगी साडेसहाला जेवायला बसते तेव्हा साताऱ्यात पहाटेचे चार वाजलेले असतात. बाबा गजर लावून उठतो. पाण्याच्या जगला टॅब्लेट टेकवलेला असतो. स्क्रीन अडकली की मुलगी घास तोंडात तसाच धरून बसते, बाबा हलेपर्यंत गिळत नाही. “आणि तुम्ही कधी जेवता?” जरा थांबून ती म्हणाली, लेकीच्या ताटातलं उरलेलं, ओट्याशी उभ्यानेच. रात्री पार्किन्सन्स असलेल्या आईला बाथरूमला न्यायला उठते, त्यानंतर झोप लागतच नाही. एकदा पार्कवे या महामार्गावर कडेला गाडी लावून बसली होती. तिथे कशी पोचली ते आठवेना. तेव्हापासून ती गावातल्या रस्त्यांनी ऑफिसला जाते.

“हे सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही,” ती म्हणाली.

मला नेमकं हेच हवं असतं. विरहाचं दुःख, पैशांची ओढाताण या गोष्टी अशा प्रत्येक घरात असणारच असं अधिकारी धरून चालतात. नुसत्या त्यांवर केस उभी राहत नाही. पण सगळ्या गोष्टी एकत्र मिळून किती भार होतो, हे त्यांना पाहावं लागतं. म्हणून अहवालात दोन्ही बाजू मांडल्या: ती इथे एकटी राहिली तर काय, आणि साताऱ्याला गेली तर काय. गेली तर आईचं मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, तिथे चालत नाही, मुलीची शाळेतली स्पीच थेरपी सुटते. तिच्या बहिणीशी बोलले, फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी पाहिल्या. पीएचक्यू-९ पुन्हा भरली तेव्हा उत्तरं या सगळ्याशी जुळत होती. नैराश्याचे निकष पूर्ण होत होते म्हणून निदान लिहिलं. नसते तर लिहिलं नसतं. वेव्हरसाठी निदान असलंच पाहिजे असा नियम नाही. ती रोज कामावर जाते, घर सांभाळते, हेही लिहिलं आणि त्यासाठी तिला काय मोजावं लागतं तेही.

शिक्क्याची भीती असेल तर एवढं लक्षात घ्या: अहवाल तुमच्या सहीने वकिलाकडे आणि तिथून इमिग्रेशन खात्याकडे जातो, ऑफिसला नाही. निर्णय अधिकाऱ्याचा असतो. “केस नक्की पास करून देतो” म्हणणाऱ्या तज्ज्ञाकडून सरळ उठून या.

तिचा निकाल अजून लागलेला नाही. अहवाल हातात घेताना तिने विचारलं, “आता उपचार घेतले आणि बरं वाटायला लागलं, तर केस पडेल का?” उपचारांच्या नोंदी हाही पुरावाच असतो, आणि निकालासाठी आजार अंगावर काढायला मी कुणालाच सांगणार नाही. मूल्यमापन करणाऱ्यानेच थेरपीही करणं योग्य नसतं, म्हणून दुसऱ्या मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टची वेळ मी तिच्यासमोरच फोन करून घेतली.