विचारा की! : फूटपाथचा पैसा कुठल्या हेडमध्ये असतो?

मागच्या अंकात गटारांवर लिहिलं, तर यावेळी निम्मी पत्रं रस्त्यांची आली. पस्तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून, म्हणजे बांधकामांवर देखरेख करत, टेप धरलाय, त्यामुळे हा विषय निघाला की माझं लांबतं. पहिलं उत्तर मोठं झालंय, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

*प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते. आमच्या समोरच्या रस्त्यावरून दोन शाळांची मुलं चालत जातात. फूटपाथ नाही. दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा ‘निधी उपलब्ध नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं. भाचा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिकडे सुरक्षित रस्त्यांसाठी केंद्र सरकार गावोगावच्या संस्थांना थेट पैसे देतं. आपल्याकडे असं काही आहे का?*

बाई, भाचा बरोबर सांगतोय. तिकडे २०२१ साली पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला. त्यात पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलर फक्त एवढ्यासाठी बाजूला काढले, की चालणारा, सायकलवाला, गाडीवाला, कुणीच रस्त्यावर मरू नये. शहर, तालुका कुणीही थेट अर्ज करायचा. खर्चाचे ८० टक्के केंद्राचे, २० टक्के स्थानिकांचे. मला त्यातली रक्कम नव्हे, क्रम आवडला. आधी आराखडा करा, कुठे माणसं मरतात ते नकाशावर दाखवा, त्यानंतर बांधकामाचा पैसा. आणि पक्कं काम करण्याआधी रंगाचे पट्टे मारून, कुंड्या-खांब ठेवून प्रयोग करून बघायलाही पैसे मिळतात. आपल्याकडे डिव्हायडर आधी बांधतो आणि वर्षभराने फोडतो.

आपल्याकडे या नावाचा वेगळा नळ नाही. नळ पुष्कळ आहेत, पण सोलापूरकराला नळाचं वेगळं काय सांगायचं? कुठल्या दिवशी कुठल्या नळाला येतं हे माहीत असलं तरच घागर भरते. महापालिकेचा स्वतःचा अर्थसंकल्प आहे. राज्याची नगरोत्थान योजना आहे. जिल्हा नियोजन समितीचा पैसा आहे. आमदारांना वर्षाला ५ कोटी, खासदारांना ५ कोटी स्थानिक विकासासाठी मिळतात. कामाची शिफारस त्यांची, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. वित्त आयोगाचं अनुदान येतं. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली आपण होतो, पण ते अभियान मार्च २०२५ मध्ये संपलं, तेव्हा त्या नळाखाली आता भांडं लावू नका.

यातल्या एकाही हेडचं, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याचं, नाव ‘पायी चालणारा’ असं नसतं. हेड असतो रस्त्याचा. फूटपाथ त्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात एक आयटम म्हणून बसला तर बसला. म्हणजे ‘निधी नाही’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की तुमचा अर्ज रस्त्याच्या फायलीत नाही, वेगळ्याच गठ्ठ्यात पडलाय.

हे मला कसं ठाऊक? मीच कापलाय.

१९९८ ची गोष्ट. ऑफिसचं नाव घेत नाही. पूर्व भागातला एक रस्ता होता, टॉवेलच्या कारखान्यांकडे जाणारा. मी अंदाजपत्रक केलं : खोदाई, खडीकरण, डांबर, गटार, दोन्ही अंगांना दीड-दीड मीटरचा फूटपाथ. बेरीज मंजूर रकमेच्या वर गेली. साहेब म्हणाले, “बसवा.” बसवा म्हणजे कापा. डांबर कापता येत नाही, गटार कापलं तर लोक अंगावर येतात. मी लाल पेनने फूटपाथच्या ओळींवर रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पुढील टप्प्यात प्रस्तावित’. तो टप्पा आजतागायत आलेला नाही. रस्ता मात्र त्यानंतर तीनदा डांबरला, आणि प्रत्येक थराने तो वर वर आला.

परवा त्याच रस्त्याने गेलो होतो. जिथे माझा फूटपाथ होता, कागदावरचा, तिथे आता विजेचा डीपी आहे, त्याला टेकून चहाची टपरी, आणि पुढे अर्धं सरकलेलं गटाराचं झाकण. एक बाई काखेत विड्यांची टोपली घेऊन आली. झाकणापाशी थांबली, वळून मागे बघितलं, टोपली या काखेतून त्या काखेत घेतली, मग रस्त्यावर उतरली. मागून टमटम आली. बाई डीपीला पाठ लावून उभी राहिली आणि टमटम गेल्यावर परत चालायला लागली. रोजचं असावं, तोंडावर राग नव्हता. पिशवीत अजून टेप असतो माझ्या. भिंत ते डीपी मोजलं. ५५ सेंटिमीटर. टोपलीसकट माणूस तिथून जाऊच शकत नाही.

तेव्हा बाई, नुसतं ‘फूटपाथ करून द्यावा’ असा अर्ज करू नका. तो रस्ता यावर्षी किंवा पुढच्या वर्षी कुठल्या हेडमध्ये धरलाय ते आधी काढा. झोन कार्यालयात सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. मागायचं काय, तर अंदाजपत्रकाची आणि नकाशातल्या आडव्या छेदाची प्रत. आडव्या छेदात दिसतं, डांबर किती मीटर आणि माणसाला किती. फूटपाथ नसेल तर निविदा निघायच्या आत लेखी हरकत द्या, आकड्यानिशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे आणि कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोकळी म्हणजे मोकळी. डीपी, झाड, खांब सोडून. हा शब्द अर्जात अधोरेखित करा. तांत्रिक मान्यतेला बसलेल्या माणसाला आयआरसीचा आकडा दिसला की शेरा मारावाच लागतो, ‘निधी नाही’ म्हणून पत्र बाजूला सरकवता येत नाही. एकदा वर्क ऑर्डर निघाली, की जादा आयटम घालणं फार किचकट. मग कंत्राटदारही नाही म्हणतो, साहेबही.

महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते हे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि पायी चालणाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. ही दोन वाक्यं अर्जात शेवटी घाला. सुरुवातीला नको, भाषण वाटतं.

तारीख चुकवू नका. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत जमतं, जिल्हा नियोजनाची कामं त्याच सुमारास ठरतात. मार्चमध्ये जाल तर प्रत्येक टेबलावर बिलांचा ढीग असतो आणि तुमच्याकडे बघायला कुणाची मान वर होत नाही. दिवाळी झाली की लागा.

*प्रश्न : काका, मी कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. आमच्या वळणावर महिन्याला एखादी गाडी तरी पडते. महापालिका म्हणते आमचं नाही. ग्रामपंचायत म्हणते आमचं नाही. मग कुणाचं?*

बाळा, आधी रस्त्याला बाप शोध. वसाहतीच्या आतला रस्ता आणि बाहेरचा मोठा रस्ता यांचे बाप वेगळे. आतले ग्रामपंचायतीकडे असू शकतात. गावाला जोडणारे जिल्हा परिषदेकडे. मोठे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आणि राष्ट्रीय महामार्ग असेल, जसे आपल्याकडे ६५ आणि ५२ आहेत, तर केंद्राकडे. ज्याचा रस्ता, त्याच्याच हेडमधून काम. चुकीच्या दारात दहा वर्षं अर्ज दिला तरी पैसा निघणार नाही. सगळ्यांनी हात झटकले तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लिही. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस, आरटीओ, बांधकाम असे सगळे बाप तिथे एका टेबलावर बसतात.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवायचं माप असं आहे : साधारण ५०० मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. या यादीत नाव आलं की दुरुस्तीला पैसा सुटायची शक्यता वाढते. पण मोजतात कशावरून? पोलिसांच्या नोंदीवरून. तुमच्या वळणावर महिन्याला एक गाडी पडते म्हणतोस. त्यातल्या किती चौकीवर गेल्या? पाय मोडला, समोरच्याने दवाखान्याचे पाच हजार दिले, ‘आपसात मिटवू’ म्हणून सगळे घरी. माणसाचं भागतं, पण कागदावर ते वळण एकदम सुरक्षित. यापुढे मिटवायचं असलं तरी मिटवा, पण आधी नोंद करा. तारीख, वेळ, कुणाला काय लागलं, एका वहीत तुम्ही पोरांनीही लिहून ठेवा. समितीसमोर ती वही ठेवायला सोबत मोठी माणसं घेऊन जा.

*प्रश्न : गल्लीत वर्गणी काढून आम्ही दोन गतिरोधक केले. सुरक्षित झालं, पण आता रिक्षावाले भांडतात. आमचं काय चुकलं?*

माप. आयआरसीच्या हिशेबाने गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे उंची अर्ध्या वितीएवढी, रुंदी दोन पुरुष आडवे झोपतील एवढी. तुम्ही केलाय तो जात्याचा दगड उलटा ठेवल्यासारखा असणार, फोटो न बघता सांगतो. गरोदर बाई रिक्षात असली की काय होतं ते घरातल्या बायकांना विचारा. शिवाय परवानगीशिवाय केलेला गतिरोधक तुमच्याच नावावर, उद्या कुणी पडलं तर. वाहतूक शाखेला आणि महापालिकेला एकत्र पत्र द्या, पुढे पांढरे पट्टे आणि फलक मागा, आणि तोवर हे दोन्ही फोडा. वर्गणी गेली, जाऊ द्या.

*प्रश्न : खड्ड्यात दुचाकी जाऊन माझा हात मोडला. भरपाई मिळते का?*

मिळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख असं ठरवून दिलं आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढलेला हवा. तुम्ही काढला नसेल, कारण हात मोडला होता, तर शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण आजच मागून घ्या, बहुतेक ठिकाणी ते थोड्या दिवसांत पुसलं जातं. दवाखान्याचा केसपेपर, पोलिसांतली नोंद, एवढं जोडून अर्ज करा.

पुढच्या अंकासाठी रस्त्याचे प्रश्न पाठवणार असाल तर रुंदी टेपने मोजून पाठवा. पावलांनी मोजलेली नको. मागच्या पत्रातली एक गल्ली चौदा पावलं होती आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या वाचकाच्या पत्रात ती नऊ निघाली.