‘पोरगं वर्षभर घरातच आहे, मॅडम’

पदवी होऊन वर्ष उलटलं, नोकरी नाही, मुलगा दिवसभर मोबाइल घेऊन पडून असतो, आम्ही काय करावं? समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे हा प्रश्न सतत येतो. बहुतेक वेळा आई विचारते, वडील शेजारी गप्प असतात आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो आलेलाच नसतो. गेल्या वर्षी बार्शीकडच्या अशाच एका कुटुंबाबरोबर काम केलं. मुलाची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्याबद्दल लिहिते आहे.

मुलगा बीएस्सी, रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी अकराला उठणार. सख्ख्या चुलतभावाच्या लग्नालाही गेला नाही. “आळशी झालाय,” वडील म्हणाले. पुढच्या वेळी तो एकटा आला, तेव्हा लग्नाचा विषय मी काढला. म्हणाला, “मॅडम, तिथं प्रत्येक जण विचारणार, सध्या काय चाललंय? काय सांगू?”

आळशी माणसाला लग्नाचं जेवण सोडवत नाही. हा मुलगा लाजेनं घरात बसला होता. वडील रोज कामावरून आले की चपला काढता काढता विचारायचे, “काय झालं रे, आला का फोन?” ती वेळ टाळायची म्हणून तो संध्याकाळी झोपायचा आणि मग रात्री झोप यायची नाही.

1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारियेन्थाल गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. माणसं रस्त्यानं चालायचीसुद्धा हळू. काम गेलं की पगाराबरोबर दिवसाची घडी, चार माणसांत ऊठबस आणि आपला कुणाला तरी उपयोग आहे ही जाणीव, सगळंच जातं. या मुलाच्या वडिलांना मी हे सविस्तर सांगितलं, कारण पोराच्या झोपेवरून घरात रोज भांडण होत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. ज्याला घरी बसणं परवडतच नाही तो मिळेल ते काम धरतो. शिकलेला शिक्षणाला साजेशा कामाची वाट बघतो आणि तशी कामं कमी आहेत. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ठरलं की नोकरीचा विषय फक्त रविवारी संध्याकाळी, अर्धा तास, चहा घेताना काढायचा. इतर दिवशी नाही. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

मग त्याचा बायोडेटा पाहिला. तीन पानं, कॉलेजातल्या कुणाच्या तरी फाइलवरून उतरवलेली. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, खाली छंद, शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’. मधे ‘प्रोजेक्ट: वॉटर अ‍ॅनालिसिस’ एवढी एकच ओळ. यात नक्की काय केलं होतंस, असं विचारलं. म्हणाला, गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी आणून त्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं क्षारांचं प्रमाण, काढला. कसा काढला? त्यावर तो सरसावून बसला. ईडीटीए या रसायनाचं टायट्रेशन (ते थेंब थेंब मिसळत मोजायची पद्धत), आम्लता स्थिर ठेवणारं बफर घालायचं, रंग बदलणारा इंडिकेटर घालायचा, रंग वाइनसारखा लाल होतो. मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जायचं आणि लालसर झाक पूर्ण जाऊन निळा झाला की थांबायचं. “शेवटी लई हळू जावं लागतं मॅडम, एक थेंब जास्त पडला की रीडिंग गेलं.” त्यानं प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग घेतली होती.

हे लिहिलं का नाहीस? तर म्हणे, “ते काय, सगळ्यांनीच केलंय.”

मला या उत्तराचं फार वाईट वाटतं आणि ते मी वारंवार ऐकते. केमिकल कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबला अशाच हाताचा मुलगा हवा असतो. आम्ही बायोडेटा एका पानाचा केला. त्यात प्रोजेक्टला चार ओळी दिल्या: काय मोजलं, कोणत्या पद्धतीनं, किती नमुने, काय आढळलं. ऑब्जेक्टिव्ह काढून टाकलं.

तोवर तो मोबाइलवर दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करत होता आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं. एका ‘कन्सल्टन्सी’ला नोंदणीचे पैसेही देऊन बसला होता. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले की तिथून उठून यावं, हे सगळ्याच मुलांना सांगते. त्याऐवजी आम्ही ओळखीच्या माणसांची यादी केली. कॉलेजचे लॅब असिस्टंट, दोन वर्षं पुढचे सीनियर, मेसमधला जुना भिडू. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली दाखवलं की नोकरीची बातमी बऱ्याचदा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला आहे. लाजेनं घरात बसलेला मुलगा नेमक्या याच माणसांना टाळत असतो. पहिला मेसेज आम्ही समोर बसूनच लिहिला: “दादा, मी 2023 ला बीएस्सी केमिस्ट्री झालो. क्यूसी ट्रेनीचं काम शोधतोय. तुमच्याकडे वॉक-इन मुलाखत असेल तर कळवाल का?” पाठवताना त्याचा अंगठा अडखळत होता.

वडिलांच्या मनात मात्र सरकारी नोकरी होती. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर. परीक्षा देऊ नये असं मी म्हणत नाही. पण महाराष्ट्रात खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे आणि ती एवढी लांब असल्यामुळे थांबायचं कधी हे कुणी ठरवतच नाही. किती प्रयत्न करायचे ते आधी कागदावर लिहा आणि तोवर काहीतरी काम सुरू ठेवा, यावर मी ठाम आहे. ‘अनुभव हवा’ ही अट अडवत असेल तर केंद्राची अप्रेंटिसशिपची योजना पदवीधरांनाही खुली आहे. वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. राज्याच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार ठरले होते.

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीतून एका सीनियरचा निरोप आला. मुलाखतीत टायट्रेशनच विचारलं. निवड झाली, पगार बारा हजारांच्या आसपास, तीन पाळ्या. “एवढ्यासाठी शिकवलं का?” वडील म्हणाले. खोलीभाडं आणि मेस जाऊन फारसं उरत नाही, हे खरंच आहे आणि ते मी नाकारलं नाही. पण नेमणूकपत्र लेखी आहे का, पीएफ कापतात का, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आहे का, लॅबमध्ये गॉगल-हातमोजे देतात का, हे विचारून ये म्हटलं. पीएफची नोंद पुढच्या नोकरीत अनुभवाचा पुरावा म्हणून कामी येते. विचारायला तो घाबरत होता, तरी विचारलं आणि सगळं होतं.

एक गोष्ट सगळ्या पालकांसाठी. मूल ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलू लागलं तर नोकरीचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

मुलगा सध्या लॅबमध्ये एचपीएलसी, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवायला शिकतोय. रात्रपाळी त्याला झेपत नाही, तक्रार करतो. नोकरी सांभाळून एमएस्सी करायची की आधी कंपनी बदलायची, यावर घरात दोन मतं आहेत आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन येतो म्हणालाय.