वाचक विचारतात : तिसरा डार्ट कुठे मारायचा?

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये दर वर्षी डिसेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत रंगणाऱ्या जागतिक डार्ट्स अजिंक्यपद स्पर्धेविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न या खेळाच्या गाभ्यालाच हात घालणारा असल्यामुळे त्याला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : एका सामन्यात खेळाडूचे २२९ गुण शिल्लक होते. त्याचे पहिले दोन डार्ट विसाच्या साध्या घरात लागले. तिसरा त्याने मुद्दाम खाली एकोणिसाकडे मारला आणि तोही साध्या घरातच बसला. विसापेक्षा एक गुण कमी मिळूनही समालोचकांनी त्याची तारीफ केली. ती कशासाठी?

उत्तर : आपण अगदी नेमका क्षण टिपला आहे. डार्ट्समध्ये गुण मिळवत जायचे नसतात, तर ५०१ वरून उतरत शून्यापर्यंत यायचे असते, आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सर्वांत बाहेरच्या, दुप्पट गुणांच्या अरुंद पट्ट्यात, किंवा मधोमध असलेल्या ५० गुणांच्या बुलमध्येच लागावा लागतो. शिल्लक गुणांपेक्षा जास्त गुण झाले, किंवा मागे एकच गुण उरला, तर ती पूर्ण पाळी, म्हणजे सलग तीन डार्टची फेक, बाद होते. त्यामुळे ‘किती मिळवले’ याच्या इतकाच, आणि लेगच्या, म्हणजे ५०१ ते शून्य अशा एका डावाच्या, उत्तरार्धात त्याहूनही अधिक, ‘किती उरवले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तीन डार्टमध्ये संपवता येणारी सर्वांत मोठी संख्या १७० आहे : दोनदा ट्रेबल वीस, म्हणजे विसाच्या तिप्पट गुणांचा पट्टा, आणि त्यानंतर बुल. तिच्याखालच्या साऱ्याच संख्या संपवता येतात असे मात्र नाही. १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ या सात संख्या कोणत्याही तीन डार्टमध्ये नियमाप्रमाणे संपत नाहीत. आता आपण पाहिलेला क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणा. दोन साध्या विसांनंतर १८९ उरले होते. तिसरा डार्टही साध्या विसात गेला असता तर १६९ उरले असते आणि पुढच्या पाळीत लेग संपवण्याची वाटच बंद झाली असती. साध्या एकोणिसामुळे १७० उरले आणि वाट उघडी राहिली. नेम अचूक बसून ट्रेबल लागला असता तरी नुकसान काहीच नव्हते, कारण विसाच्या ट्रेबलनंतर १२९ आणि एकोणिसाच्या ट्रेबलनंतर १३२ उरतात आणि दोन्ही संपवता येतात. म्हणजे नेम थोडा चुकला तरी हाती काहीतरी उरेल असेच लक्ष्य त्याने निवडले. हा हिशेब दोन डार्टच्या मधल्या एक-दोन सेकंदांत, हजारो प्रेक्षकांच्या गजरात होतो. त्यामुळे समालोचकांची ती तारीफ मला रास्त वाटते.

३२ या संख्येवर खेळाडूंचा जीव असतो, त्याचे कारणही हेच. ३२ उरले असताना डबल सोळाचा नेम आत सरकून साध्या सोळात गेला, तर १६ उरतात आणि डबल आठ मागता येतो. तिथेही तशीच चूक झाली तर डबल चार, मग डबल दोन, मग डबल एक. याउलट ४० उरले असताना असेच चुकत गेले, तर २० आणि १० नंतर ५ ही विषम संख्या हाती येते, आणि ती सम करण्यासाठी एक डार्ट खर्ची पडतो. फेकरेषेपासून बोर्डाचे अंतर २.३७ मीटर आणि डबलच्या पट्ट्याची रुंदी अवघी ८ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका डार्टची किंमत समजते.

प्रश्न : या स्पर्धेत एकूण लेग मोजून विजेता का ठरवत नाहीत? जास्त लेग जिंकणारा खेळाडू सेटच्या हिशेबात हरू शकतो. हा अन्याय नव्हे का?

उत्तर : तसे होऊ शकते, हे खरे आहे. पहिला सेट ३-० असा जिंकून पुढचे दोन २-३ असे गमावणारा खेळाडू सहाविरुद्ध सात लेग जिंकूनही दोन सेट विरुद्ध एक असा मागे पडतो. ब्लॅकपूलच्या वर्ल्ड मॅचप्लेसारख्या काही मोठ्या स्पर्धांत लेगच मोजले जातात, त्यामुळे आपली सूचना या खेळाला परकी नाही. तरीही जागतिक अजिंक्यपदासाठी मला सेटच अधिक योग्य वाटतात. सेट जिंकण्यासाठी तीन लेग लागतात आणि अंतिम सामना सात सेट आधी जिंकणाऱ्याचा असतो, त्यामुळे पिछाडीवर पडलेल्याला दर सेटला नवी सुरुवात मिळते आणि आघाडीवर असलेल्याला आपली आघाडी पुन्हापुन्हा सिद्ध करावी लागते. शिवाय लेगची पहिली फेक आळीपाळीने मिळते आणि तिचा फायदा मोठा असतो. तीन डार्टमागे शंभराच्या आसपास सरासरी असलेल्या खेळाडूला ५०१ संपवायला साधारण १५ डार्ट लागतात. दोघेही त्याच तोडीचे असतील, तर पहिल्याचा पंधरावा डार्ट पडतो तेव्हा दुसऱ्याचे बाराच झालेले असतात. म्हणून प्रतिस्पर्ध्याची पहिली फेक असलेला लेग हिसकावून घेणे, ज्याला टेनिसप्रमाणे ब्रेक म्हणतात, हेच सेटचे खरे वळण असते.

३ जानेवारी २०२४ चा अंतिम सामना या पद्धतीचे मर्म दाखवतो. सोळा वर्षांचा ल्यूक लिटलर ल्यूक हम्फ्रीजविरुद्ध चार सेट विरुद्ध दोन असा पुढे होता आणि ५-२ होण्यासाठी त्याला एकच डबल दोन हवा होता. तो डार्ट चुकला. हम्फ्रीजने तो सेट घेतला, त्यापुढचे चारही घेतले आणि सामना ७-४ असा जिंकला. एकूण लेगच्या मोजणीत तो चुकलेला डार्ट अनेक लेगांपैकी एका लेगापुरता राहिला असता. सेटमुळे तो सामन्याचा सांधा बनला. पुढच्याच वर्षी लिटलरने मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ असे हरवले आणि सतराव्या वर्षी तो या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता ठरला, हेही इथे आनंदाने नोंदवतो.

प्रश्न : महिला खेळाडू याच स्पर्धेत पुरुषांविरुद्ध खेळू शकतात का?

उत्तर : होय, आणि अंतर, बोर्ड, नियम सारे तेच असतात. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला हरवले, तेव्हा या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली महिला ठरली. पुढच्या फेरीत तिने मानांकित मेन्सुर सुल्योविचलाही हरवले.

प्रश्न : उत्तम खेळाडूच्या हातून डार्ट सुटतच नाही, असा काही विकार असतो म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे. त्याला ‘डार्टायटिस’ म्हणतात. खेळाडू रेषेवर उभा राहतो, नेम धरतो, कोपर मागे जाऊन पुढे येते, पण बोटे उघडत नाहीत. तो हात खाली घेतो, पुन्हा धरतो, आणि पुन्हा तेच होते. हाताची ताकद शाबूत असते, नेमही गेलेला नसतो. अडखळते ती डार्ट सोडण्याची, एरवी विचार न करता होणारी क्रिया. बोर्डावर लागलेला डार्ट किती इकडे-तिकडे गेला ते मोजून सुधारता येते, पण हातातून न सुटलेल्या डार्टचे काय करायचे, हे प्रशिक्षकालाही सांगणे कठीण जाते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या एरिक ब्रिस्टोचे. १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा जागतिक विजेता ठरलेल्या या खेळाडूला ऐन बहरात या विकाराने गाठले. पूर्वीचा सहजपणा त्याला पुरता परत मिळाला नाही. तरीही त्याने खेळ सोडला नाही आणि १९८९, १९९० व १९९१ अशा सलग तीन वर्षी तो जागतिक अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिन्ही वेळा तो हरला. त्यांपैकी १९९० मध्ये त्याला ६-१ असे हरवणारा फिल टेलर हा त्यानेच आर्थिक मदत करून पुढे आणलेला खेळाडू होता, आणि टेलरच्या सोळा जागतिक विजेतेपदांपैकी ते पहिले होते.