चोरून टोचून आणू का?

"ताई, मुलगी साडेनऊ महिन्यांची आहे, गोवराची लस राहिली आहे. नवरा म्हणतो, 'मोठी होऊ दे जरा, घाई कसली?' साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर तिला ताप आला, खूप रडली. रात्रभर त्यानंच खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. तेव्हापासून लसीचं नाव काढलं की 'लसीनं ऑटिझम (स्वमग्नता) होतो' म्हणणारे व्हिडिओ दाखवतो. तो कामावर गेला की चोरून टोचून आणू का?" – एक आई

अगं, फेऱ्या मारणारा तोच आणि व्हिडिओ दाखवणाराही तोच. व्हिडिओ नंतर सापडले असणार, धसका त्या रात्रीच घेतलाय त्यानं. आकडे तोंडावर मारलेस तर तो आणखी दोन व्हिडिओ काढेल.

आधी त्या रात्रीबद्दल बोला. त्या डोसमध्ये डांग्या खोकल्याची लस असते आणि तिच्यानंतर ताप येणं, मांडी सुजणं नेहमीचं आहे. तरी ती किती वेळ रडत होती, ते डॉक्टरांना जरूर सांगा. गोवराच्या लसीचं तंत्र निराळं. ताप आलाच तर त्याच रात्री नाही, साधारण 7 ते 12 दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही उठतं. हे त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर दहाव्या दिवशी अंग तापलं की पुन्हा पहिले पाढे.

ऑटिझमची आवई 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, जेमतेम 12 मुलांवरच्या लेखानं उठली. 2010 मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. 2019 साली निष्कर्ष आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध नाही.

राहिलं 'मोठी होऊ दे'. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण या वयापर्यंत ओसरत येतं, म्हणून तर कार्डावर 'नऊ महिने पूर्ण झाल्यावर' लिहिलंय. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. तो काही तिच्या मोठं होण्याची वाट बघत नाही.

पण चोरून नको. दहाव्या दिवशी ताप आला तर काय सांगशील? शिवाय दुसरा डोस आहेच, तेव्हा परत चोरी? आणि त्याच्या होकारासाठी महिनोन्‌महिने थांबूही नकोस. याच आठवड्यातली वेळ घे आणि सरळ सांग, "उद्या सकाळी तिला घेऊन जातेय, येतोस ना?" नाही म्हणाला तरी जा, पण सांगून जा.

येईल बहुतेक. (माझ्या थोरल्याच्या वेळी मीच दाराबाहेर उभी राहिले होते, आत जायची छाती झाली नाही.) आला तर सुई टोचताना तिला त्याच्याच मांडीवर दे. नंतर अर्धा तास तिथंच थांबा. आणि तापाचं औषध तिच्या वजनाला किती द्यायचं, हे डॉक्टरांना त्यालाच विचारू दे. रात्री जागणार तोच आहे.