उंडीच्या तेलाचं बायोडिझेल करताना साबण होतो. नॅनो कॅटॅलिस्टने थांबेल का?

तुम्ही लिहिलंय, की उंडीच्या तेलात कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घातलं की सगळं खळीसारखं घट्ट होतं, म्हणून अंड्याच्या टरफलांपासून नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, कॅल्शियम ऑक्साइड करावं का. नुसता कॅटॅलिस्ट (क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ) बदलून हे थांबणार नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी याच वाटेनं गेलो आणि दोन महिने घालवले.

आधी टायट्रेशन करून, म्हणजे मोजून अल्कली घालून, तेलाचं आम्लमूल्य (त्यातल्या मोकळ्या आम्लांचं माप) काढा. उंडीच्या कच्च्या तेलात मुक्त मेदाम्लं (तेलाच्या रेणूपासून सुटी झालेली आम्लं) भरपूर असतात, कधीकधी २० टक्क्यांच्या आसपास. कॅल्शियम ऑक्साइड हाही अल्कलीच. कण कितीही बारीक करा, मेदाम्लाशी गाठ पडली की साबण होणारच. त्यातून कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो धुऊनही जात नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉल घालून ६० अंशांना मेदाम्लांचं एस्टर (म्हणजे बायोडिझेलच) करा, आम्लमूल्य २च्या खाली आणा, तयार झालेलं पाणी आणि उरलेलं ॲसिड पूर्ण काढा. मगच कॅल्शियम ऑक्साइड.

त्याचा खरा फायदा इथे दिसतो. तो घन असल्यामुळे गाळून काढता येतो, आणि ग्लिसरीनही बरंच स्वच्छ मिळतं. पण टरफलं ९०० अंशांना भाजली की कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मी ती भुकटी पाण्यात उकळून, वाळवून पुन्हा ६०० अंशांना भाजायचो. त्यानं पृष्ठभाग वाढतो. भट्टीतून काढल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. एकदा जुलैत रात्रभर बशीत उघडी राहिली, तर सकाळी हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून ती निकामी झाली होती.

आणखी एक चाचणी चुकवू नका. कॅटॅलिस्ट मिथेनॉलमध्ये तासभर ढवळा, गाळून घ्या आणि ते गाळलेलं मिथेनॉल ताज्या तेलात घाला. क्रिया पुढे सरकली, तर कॅल्शियम विरघळतंय असं समजा. मग तोच कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरता येतो असं लिहिण्यात अर्थ नाही. शिवाय बायोडिझेलच्या युरोपीय मानक ईएन १४२१४ मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोला फक्त ५ मिलिग्रॅम चालतं.

मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा खालीच उकळतं आणि त्याची वाफ विषारी असते. कंडेन्सर लावा, शेगडीच्या ज्वाळेवर मुळीच तापवू नका.

आम्लमूल्याचा आकडा इथे लिहा, म्हणजे पहिल्या टप्प्याला मिथेनॉल किती घ्यायचं ते सांगतो.